तिकडे जेवण कितीले?

डोमा मेश्राम वरठीच्या स्टील कारखान्यात फिटर होता. रिटायर झाला आणि त्याला एक वेगळाच नाद लागला. जगात कुठं दुपारचं जेवण कितीला पडतं, हे तो तोंडपाठ सांगायचा.

याला कारण त्याचा मुलगा, सुगत. सुगत डिप्लोमा करून पॅकिंगच्या मशिनी बसवून देणाऱ्या एका कंपनीत लागला. कंपनी त्याला चार महिने या देशात, सहा महिने त्या देशात पाठवायची. दर रविवारी त्याचा फोन यायचा. आईशी तो तासभर बोलायचा, पण बापाकडे फोन आला की दोघांचीही पंचाईत व्हायची. काय बोलावं? पहिल्याच रविवारी डोमानं घसा खाकरून विचारलं होतं, "काय जेवला दुपारी?"

"सँडविच."

"कितीले?"

सुगतनं पौंडात सांगितलं, मग रुपयांत. चारशेच्या आसपास. सोबत बटाट्याच्या चिप्सची पुडी आणि थंड पेय. डोमानं तो आकडा दोनदा वदवून घेतला. त्यानंतर मात्र बापलेकांना विषय सापडला. सुगत ज्या देशात जाई तिथलं सगळ्यात स्वस्त जेवण शोधून काढी आणि रविवारी बापाला सांगे.

सोमवारी सकाळी डोमा ते सगळं घेऊन स्टेशनजवळच्या टपरीवर पोचायचा. तिथं भोजराज वाट पाहत असे. भोजराज त्याच कारखान्यातला वेल्डर. दोघं कारखान्याच्या एकाच विभागात लागले आणि एकाच वर्षी सुटले.

"काय म्हणते इंग्लंड?" भोजराज विचारायचा.

"थंडं असते म्हणे सँडविच. फ्रीजमधून काढून तसंच खायचं."

"थंडं जेवन? आन त्याले वरून चारशे रुपये?" भोजराज टपरीवाल्याकडे पाहून म्हणायचा, "आपल्या आलूबोंड्याची प्लेट तीसची. मंजे एका सँडविचमंधी तेरा प्लेटा आल्या. खाऊन मरन मानूस."

पोलंडात सरकारी खानावळीसारखं काहीतरी असतं, तिथं आत आलू भरलेल्या, पाण्यात उकडलेल्या करंज्या मिळतात, हे वरठीत डोमामुळं कळलं. मलेशियात नारळाच्या दुधात शिजवलेला भात केळीच्या पानात बांधून देतात, वर सुकटीसारखी कुरकुरीत मासळी, आणि किंमत साठ रुपयांच्या आत, हेही कळलं. त्या दिवशी टपरीवरचे सगळे मलेशियावर खूश झाले. "भात खानारे लोक हायेत ना, म्हणून," डोमा म्हणाला. कॅनडात मात्र हातभर लांब सँडविचचे सातशेच्या वर पडतात, हे ऐकून भोजराजनं चहाचा कप खाली ठेवला होता.

सगळे देश फिरून झाले की डोमा शेवटी एकच बोलायचा. "पन रंभाबाईच्या हाताची सर नाई कोनालेच."

रंभाबाई म्हणजे कारखान्याच्या गेटसमोर आलूबोंडे तळणारी बाई. चार बांबू, वर ताडपत्री, पुढं बसायला एक लांब फळी. दुपारची शिट्टी झाली की त्या फळीवर जागा मिळायची नाही. गरम बोंडा ती दोन बोटांनी फोडायची, त्यावर चन्याची झणझणीत तर्री ओतायची, वर कांदा आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. तिथं ऑपरेटर आणि झाडूवाला शेजारी शेजारी बसत. कोण कोणत्या गावचा, कोणत्या मोहल्ल्यातला, हे त्या फळीवर कुणी विचारत नसे. डोमा तरणा असताना अशा जागा या भागात फार नव्हत्या. पुढं गेटसमोरचा रस्ता रुंद झाला, ताडपत्री उठली, आणि रंभाबाई कुठं गेली ते कुणाला कळलं नाही. खरं सांगायचं तर कुणी विचारलंही नाही.

घरात रंभाबाईचं नाव निघालं की डोमाची बायको मालनबाई आतून भांडी जरा जोरानंच ठेवायची. ती पहाटे उठून नवऱ्याला डबा बांधून द्यायची. डबा नेणारा माणूस वर आलूबोंड्याचे गोडवे गातो, हे तिला कधीच आवडलं नव्हतं.

डिसेंबरात सुगत महिनाभराच्या सुट्टीवर आला. धान निघाले होते, त्याच बांध्यांमध्ये आता लाखोळीच्या डाळीचं पीक हिरवंगार झालं होतं. आल्याच्या तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "बाबा, भंडाऱ्याले हायवेवर ते सँडविचचं दुकान उघडलं म्हणे. मी पाच देशांत त्याच्यातच जेवलो. चला, तुमाले दाखवतो."

डोमानं लगेच भोजराजला फोन लावला. भोजराजनं आपल्या मुलाची गाडी आणली. मालनबाई कधी नव्हे ते नवं लुगडं नेसून तयार होऊन बसली. "तुमी जगभरचं बोलता. मी कायले घरी राहू?"

दुकानात गारवा होता आणि भाजलेल्या पावाचा वास. काचेमागं टोपी आणि हातमोजे घातलेली एक पोरगी उभी होती. छातीवरच्या पाटीवर नाव होतं खुशबू. भोजराज ऐटीत पुढं झाला.

"कोणता ब्रेड, काका?"

"कोनताही."

"सहा इंच की बारा इंच?"

भोजराजनं सुगतकडे पाहिलं. सुगत हसत होता.

"भाज्या कोणत्या टाकू? सॉस कोणता?"

"माय, तू आपलं दे ना," भोजराज काकुळतीला आला. "परीक्षा कायले घेऊन राहिली?"

खुशबू खुदकन हसली आणि तिनं तिच्या मनानं बनवायला घेतलं. मालनबाईनं काचेतून वाकून पाहिलं. "सांभार नाई का?" नव्हता.

डोमा मात्र वरच्या फळ्यावरचे भाव वाचत होता. इतकी वर्षं फोनवर ऐकलेली वस्तू समोर होती. "दोनशे तीस," तो म्हणाला. "हेच कॅनडात सातशेले. मंग आपल्याइकडे स्वस्त झालं ना, सुगत?"

"तसं नसते, बाबा. इंग्लंडात दुकानात उभा राहनारा पोरगा एका तासाच्या मजुरीत तीन सँडविच घेऊ शकते. इथं किती तास लागतात ते हिलेच विचारा."

खुशबूनं हात न थांबवता उत्तर दिलं. "अर्धा दिवस लागते, दादा. म्हणून आमी घरूनच डब्बा आनतो."

डोमाचा चेहरा उतरला. इतकी वर्षं तो देशांची तुलना करत आला, पण हा हिशेब त्याच्या डोक्यात कधी आला नव्हता. चौघं खिडकीपाशी बसले. सँडविच चांगलं होतं. वाईट म्हणायला जागा नव्हती. तरी दोन घास खाऊन डोमा सवयीनं बोलून गेला, "पन वरठीच्या गेटवरची रंभाबाई..."

शेजारचं टेबल पुसणारी खुशबू थबकली.

"काका, कोन रंभाबाई? आलूबोंडेवाली?"

"हो. तुले कसं माहीत?"

"माही आजी होय ते. आंधळगावले राहते आमच्यासंग."

भोजराजचा घास तोंडातच राहिला. "जित्ती हाय?"

"हाय ना. डोळ्यानं कमी दिसते. बाकी खटखटीत हाय. रोज विचारते, आज किती सँडविच गेले."

डोमाला एकदम उभं राहावंसं वाटलं. आंधळगाव म्हणजे काही परदेश नव्हता. मोहाडीच्या पुढं मोटरसायकलीवर तासाभराचा रस्ता. सुगतनं त्याला बसल्या जागी मलेशिया दाखवला होता, आणि तो स्वतः मात्र आंधळगावला एकदाही गेला नव्हता.

खुशबूची पाळी चारला संपत होती. मालनबाई म्हणाली, "थांबू. तिले घेऊनच जाऊ. मलेही पाहाची हाय एकदा ते बाई." तिच्या आवाजावरून डोमाला काही अंदाज येईना.

आंधळगावात उतरत्या उन्हात रंभाबाई अंगणात खाटेवर बसून लाखोळीची भाजी निवडत होती. अंगानं पार वाळली होती, पण बोटं भरभर चालत होती. खुशबूनं सांगितलं, "आजी, वरठीचे पाहुने आले."

"कोन वरठीचे?"

"मी डोमा, बाई. फिटर."

रंभाबाईचे हात थांबले. तिनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "डोमाभाऊ? आन तो खोडकर कुठं हाय? भोज्या?"

"हाय अठीच," भोजराज म्हणाला, आणि एवढा मोठा माणूस रुमाल काढून डोळे पुसायला लागला.

चहा झाला. कोण गेलं, कोण राहिलं, कारखान्यात आता कोणती नवी भट्टी लागली, अशा गोष्टी निघाल्या. सुगतची ओळख झाली. मग रंभाबाईनं विचारलं, "आनखी कोन हाय? बांगड्या वाजून राहिल्या."

"माही घरवाली. मालन," डोमा हळूच म्हणाला. यानंतर काय येणार, हे त्याला आता उमगलं होतं. पण उशीर झाला होता.

"अगं बाई!" रंभाबाईनं दोन्ही हात पुढं केले. "डब्बेवाली! ये माय, इकडे बस. तुह्या हातचं जेवून जगली मी."

मालनबाई तशीच उभी राहिली. "माह्या हातचं?"

"मंग? दिवसभर तेलाजवळ बसून तेलाचं खावत नाई. वासच नोको वाटे. उपाशीच राहो मी दुपारभर. हे डोमाभाऊ नवेनवे लागले होते. एक दिवस मले चक्कर आली तं यायनं आपला डब्बा पुढं सरकवला. म्हनले, खा. मी यायले बोंड्याची प्लेट देल्ली. तसंच चाललं मंग. माहं गेट सुटेवरी चाललं."

मालनबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. डोमा खाटेच्या पायाकडे पाहत होता. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यानं ही गोष्ट घरात सांगितली नव्हती. पहाटे उठून चूल पेटवणाऱ्या बायकोला, तुझा डबा दुसरंच कोणी खातं, हे कोणत्या तोंडानं सांगणार? आणि आज सांगू, उद्या सांगू करता करता दिवस निघून गेले.

"भोजराजभाऊ, तुमाले माहीत होतं?" मालनबाईनं विचारलं.

"माह्याकडे पाहू नोका, वहिनी. मी आपला पैसे देऊन खात होतो."

सुगतला हसू आवरेना, पण आईचा चेहरा पाहून त्यानं तोंड फिरवलं. मालनबाई हळूहळू पुढं झाली आणि खाटेच्या कडेवर टेकली.

"गावात कोनी काई म्हनलं नाई तुमाले? आमच्या घरचं खाता म्हणून?"

"म्हनलं ना. गंज म्हनलं, येताजाता म्हनलं. मी म्हटलं, भूक मले लागते, तुमचं कायले पोट दुखते?"

मालनबाई काही वेळ निवडलेल्या भाजीवरून हात फिरवत राहिली. मग तिनं अगदी लहान आवाजात विचारलं, "मीठ बरोबर राहत होतं?"

"एकच दिवस खारट झालं होतं. मी डोमाभाऊले म्हनलं, घरी काई तरी झालं आज. तं म्हने, पोट्टा तापानं फनफनला हाय." रंभाबाईनं सुगतच्या बाजूला मान केली. "तूच असशीन तो. आन माय, तुही लाखोळीची दाय! वरून लसनाची फोडनी. बुद्धपौर्निमेची खीर तं मी खातच नव्हती, ह्या नातीसाठी घरी आनो. दुधाचे दात होते तिले तवा."

"आन डब्बा धुवून कोन देत होतं?" मालनबाईला एकदम आठवलं. "घासून, पुसून घरी ये डब्बा. मी आजवरी समजून होती, हे धुतेत."

"हे?" रंभाबाई खळखळून हसली. "यायले येते का धुता?"

आता मालनबाईही हसली. मग त्या दोघींना बाकीच्यांचं भानच राहिलं नाही. फोडणीत लसूण आधी की मिरची आधी, बोंड्याच्या आलूत ओवा किती, यावर त्या अशा बोलू लागल्या, जणू रोज भेटत होत्या. खुशबू निवडलेल्या भाजीची सुपली उचलून आत गेली. डोमा आणि भोजराज अंगणाच्या कोपऱ्यात शाळकरी पोरांसारखे बसून राहिले.

परतताना अंधारून आलं. मोहाडी येईपर्यंत मालनबाई खिडकीबाहेर पाहत होती. डोमाचा जीव टांगणीला लागला होता. शेवटी त्यानं धीर केला.

"मालन, राग आला का?"

रस्त्यावरून सायकलींवर माणसं घरी चालली होती, हँडलला पिशव्या लटकत होत्या.

"चक्कर येऊन पडत होती बिचारी," ती म्हणाली. "मले सांगतलं असतं तं दोन जनाचा बांधला असता."

समोर गाडी चालवणाऱ्या सुगतनं आरशातून बापाकडे पाहिलं. मग वरठीपर्यंत तो बापाशी बोलत राहिला. कॅनडातल्या पहिल्या हिवाळ्यात एकट्यानं खोलीत कसं रडू यायचं ते, शेजारच्या म्हाताऱ्यानं बर्फ कसा काढून दिला ते, पुढच्या वर्षी कंपनी सोडून नागपुरात काही पाहावं असं मनात आहे तेही. हे सगळं डोमा पहिल्यांदाच ऐकत होता. तो मधेमधे फक्त "मंग?" म्हणायचा आणि सुगत पुढं सांगायचा.

जानेवारीत सुगत परत गेला. त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी डोमा अंघोळ करून आला, तर मालनबाई चपला घालून दारात उभी. हातात पिशवी, अंगावर शाल.

"कुठं निघाली?"

"आंधळगावले."

"थांब, मीही येतो."

"तुमी कायले?" ती पायरी उतरत म्हणाली. "तठी आमाले बोलाचं असते. संध्याकाळच्या बसनं येईन मी. डब्यात तांदूळ हायेत, भात मांडून घ्या."

आणि ती बसस्टँडच्या दिशेनं झपाझप चालू लागली.