पट्टा तुटायच्या आधी

"चालतेय ना गाडी? मग चालू द्या की!"

पंडितनं चहाची बशी खाली ठेवली आणि विषय संपवला. निदान त्याला तसं वाटलं.

वाचकहो, हे वाक्य तुमच्या-आमच्या घरात रोज ऐकू येतं. गॅसची नळी कडक झालेली असते, पंख्याचं बटण दाबताना हाताला झिणझिण्या येतात, आणि आपण म्हणतो, चालतंय तोवर चालू द्या. पंडितही तुमच्या-आमच्यासारखाच होता. फरक इतकाच, की त्याच्या गाडीत गावाच्या मुली बसत होत्या.

पंडितनं उमेदीची वर्षं केळीचा ट्रक चालवण्यात घालवली होती. बुऱ्हाणपूरहून माल भरायचा आणि थेट दिल्ली गाठायची. कंबर बोलायला लागली तेव्हा तो कायमचा दापोऱ्याला परतला. तेव्हा बुऱ्हाणपूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. गावातली शाळा आठवीला संपायची. मुलगे सायकलनं, नाहीतर बसला लटकून शहरात जायचे. मुली घरी बसायच्या. पंडितची मंगला आठवी पास झाली, तेव्हा तोच प्रश्न त्याच्या दारात येऊन उभा राहिला.

"दिल्लीपर्यंत केळी पोचवली मी," तो बायकोला, रंभाबाईला म्हणाला, "आता पोरीला बुऱ्हाणपूरपर्यंत पोचवता येणार नाही?"

खंडव्याच्या एका व्यापाऱ्याकडून त्यानं जुनी डिझेल व्हॅन घेतली. आधी मंगला एकटीच होती. मग शेजारच्या मालूबाईची धाकटी गंगा आली, निंबाची मुलगी आली, वाटेवरच्या जसोंडी गावच्या दोघी आल्या. बघता बघता गाडी भरली. गावातून इतक्या मुली नववी-दहावीला जाताहेत, असं दापोऱ्यानं पूर्वी पाहिलं नव्हतं. पंडितला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

पण त्या आठवड्यात तेल बदलायला म्हणून तो बुऱ्हाणपुरात शनवारा वेशीजवळच्या गॅरेजात गेला, आणि यादव मिस्तरीनं त्याच्या डोक्यात भुंगा सोडला.

"भाऊ, इंजनाच्या टायमिंगचा पट्टा कधी बदललाय?"

"मी तर नाही बदलला. आधीच्या मालकाला विचारलं होतं, त्यालाही आठवत नाही."

"ह्या गाडीचं तेवढंच दुखणं आहे," मिस्तरी म्हणाला. "हा पट्टा झाकणाच्या आत असतो. जायच्या आधी बहुतेक आवाज करत नाही. तुटला की इंजन जागच्या जागी बंद, आतले वॉल्व वाकणार. धक्का मारून उपयोग नाही, गाडी ओढूनच आणावी लागते."

"म्हणजे बदलायलाच हवा?"

मिस्तरी प्रामाणिक माणूस होता. त्यानं हात पुसत सांगितलं, "ते मी कसं सांगू? वर्षभरही टिकेल, उद्याही तुटेल. सामान इंदूरहून मागवावं लागेल. इंजनाचं तोंड उघडायचं काम आहे, गाडी तीन-चार दिवस इथंच राहील. तुम्ही ठरवा."

तीन-चार दिवस! पुढच्या सोमवारपासून मुलींची सहामाही परीक्षा होती. त्याहून मोठी अडचण सुपडूची. सुपडूची मुलगी शोभा गाडीत यायची ती तिच्या आईच्या हट्टामुळे. सुपडू स्वतः पहिल्या दिवशीच बजावून गेला होता, "ज्या दिवशी तुझी गाडी बंद, त्या दिवसापासून माझ्या पोरीची शाळा बंद." आता आपल्या हातानं गाडी उभी करायची, म्हणजे सुपडूच्या हाती आयतं निमित्त द्यायचं! आणि एकीला घरी बसवलं की दुसरीचा बापही बोलायला मोकळा.

म्हणून त्या सकाळी रंभाबाईनं पट्ट्याचं पुन्हा विचारलं, तेव्हा त्यानं 'चालतेय ना गाडी?' असं उत्तर दिलं होतं.

नेमकी त्याच वेळी मालूबाई विरजण मागायला दारात आली होती. तिनं सगळं ऐकलं. वाटी हातात घेऊन ती जायला निघाली, उंबऱ्यापाशी थांबली आणि परत वळली.

"पंडितभाऊ, रागावू नका. एक बोलू?"

"बोला ना, वहिनी."

"माझी कमल आठवते तुम्हाला? तुम्ही तेव्हा ट्रकवर होते."

कमल म्हणजे मालूबाईची थोरली. पंडितला तिचं लग्न तेवढं आठवत होतं.

"गावातून एकटी जायची ती नववीला, बसनं," मालूबाई सांगू लागली. "हेच थंडीचे दिवस. एका संध्याकाळी बस केळीच्या बागांमध्ये बंद पडली. पाटा का काय तुटला म्हणे. जसोंडीचे एक म्हातारा-म्हातारी बसमध्ये होते, त्यांच्यासोबत पोर चालत आली. घरी पोचली तेव्हा दिवे लागून गेले होते. कुणी तिला बोट लावलं नाही, भाऊ. काही म्हणजे काही झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी गावात कुजबुज सुरू झाली, कुठं होती, कुणासोबत आली. तिच्या बापानं दप्तर उचललं आणि माळ्यावर टाकलं. उन्हाळ्यात आखाजीच्या मुहूर्तावर तिचं लगीन लागलं."

रंभाबाईनं पदर तोंडाशी धरला.

"बस दुसऱ्या दिवशी नीट झाली," मालूबाई म्हणाली. "माझ्या लेकीची शाळा नाही नीट झाली."

पंडित अडखळत म्हणाला, "मला कळतं, वहिनी. पण मीच गाडी उभी केली तर सुपडू शोभाला घरी बसवील. मग इतर..."

"दिवसाढवळ्या सांगून उभी केलेली गाडी वेगळी, आणि सांजच्याला रानात पडलेली वेगळी! पहिलीचा बंदोबस्त करता येतो. दुसरीचा नुसता बोभाटा होतो. सुपडूभाऊला सगळ्यांत आधी सांगा. लपवाल तर तुम्हीच त्याला खरं ठरवाल."

शेजारच्या खोलीतून मंगला बाहेर आली. शहरातून आणलेले तिचे हिंदी शब्द आता घरातही फिरत होते. "बाबा, टेन्शन मत लो. आम्ही बसनं जाऊ ना. पण रोज गाडीत बसताना तुम्ही इंजनाकडे कान लावून बसता, ते आम्हाला दिसतं."

पंडित चपापला. खरंच होतं ते! गॅरेजातून आल्यापासून त्याला एक दिवसही सुखानं गाडी चालवता आली नव्हती. आपल्याला माहीत आहे, आणि ज्यांच्या मुली आपण नेतो त्यांना माहीत नाही. अशा चोरट्या माहितीचं ओझं ट्रकभर केळींपेक्षा जड असतं, हे त्याला त्या घटकेला उमगलं.

रविवारी सकाळी त्यानं मुलींच्या घरच्यांना मारुतीच्या पाराशी बोलावलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

"आम्ही म्हणतच होतो!" सुपडू उसळला. "जुनी गाडी ती जुनीच! शोभा उद्यापासून घरी."

"चांगली चालणारी गाडी कशाला उघडतोस रे?" लोटू म्हणाला. त्याची भाचीही गाडीत असायची. "तुटला की बघू."

"तुटेल तेव्हा तुमच्या पोरी आत असतील, लोटूभाऊ," पंडित म्हणाला. "मला ठाऊक असून मी गप्प बसलो, तर खोट गाडीत नाही, माझ्यात. गाडी दुरुस्तीला जाणार. तोवर पोरी बसनं जातील. रोज आपल्यातला एक जण सोबत जाईल, शाळा सुटेपर्यंत थांबेल आणि सगळ्यांना घेऊन परत येईल. परीक्षा कुणाचीही बुडायची नाही."

पण शेतीची कामं सोडून दिवसभर शाळेबाहेर कोण बसणार?

"पहिल्या दिवशी मी जाते," बायकांच्या घोळक्यातून मालूबाईचा आवाज आला. "बाई चालते ना?"

हशा पिकला. हसता हसता निंबा म्हणाला, "मग दुसऱ्या दिवशी मी." तिसऱ्या दिवसाला मात्र कुणी पुढं येईना. तेव्हा सुपडूच्या बायकोनं भर पारावर सांगून टाकलं, "तिसऱ्या दिवशी हे जातील. आणि शोभाही जाईल." सुपडूनं मान फिरवली, पण चारचौघांत नाही म्हणता आलं नाही.

बुधवारी सुपडू मुलींना घेऊन निघाला. बसमध्ये उभं राहायला जागा नव्हती. पोरी दप्तरं छातीशी धरून एकमेकींना सांभाळत होत्या. दिवसभर तो शाळेसमोरच्या टपरीच्या बाकावर बसला. पेपर सुटला, मुली आल्या, आणि सगळे बसस्टँडवर आले. पण परतीची बस येईना. थंडीतला दिवस, उन्हं भराभर उतरली. सुपडू एकदा रस्त्याकडे बघे, एकदा आकाशाकडे. दर थोड्या वेळानं मुली मोजे.

मुलींना मात्र त्याचं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी भूगोलाचा पेपर होता. गंगानं विचारलं, "अगं, बऱ्याच मोठ्या नद्या पूर्वेला जातात, मग आपली तापी पश्चिमेला का जाते?" आणि शोभा बोलायला लागली. दोन्ही बाजूंचे डोंगर, मधली खचलेली जमीन, नदीचा उतार, हातवारे करून तिनं सगळं समजावलं. बाजूला बसलेले एक आजोबाही ऐकू लागले. सुपडू बघतच राहिला. घरात ही मुलगी त्याच्यासमोर 'हो' आणि 'नाही' यापुढं कधी गेली नव्हती. ज्या नदीचं पाणी तो जन्मभर शेताला देत आला, ती अशी का वाहते हे त्याला आज पोटच्या पोरीकडून कळत होतं!

बस आली. सगळ्या मुली सुखरूप घरी पोचल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंडित गॅरेजात उभा होता. मिस्तरीनं काढलेला पट्टा त्याच्यासमोर उलटा वाकवला. आतल्या अंगाला दोन-चार बारीक चिरा होत्या, बाकी पट्टा धड दिसत होता.

"हा तुटला असता का?" पंडितनं विचारलं.

"तुटला असता. कधी, ते देवाला ठाऊक. कदाचित उन्हाळ्यापर्यंत चाललाही असता."

पंडितला क्षणभर वाटलं, उगाच घाई केली का? पण किल्ली फिरवून तो रस्त्याला लागला, आणि बऱ्याच दिवसांनी त्याला गाडीच्या आवाजाऐवजी रस्त्यावरची माणसं दिसली. खांदे सैल झाले. आज तो शाळेपाशी थेट गाडी घेऊन गेला, तेव्हा सोबतीला आलेले जसोंडीच्या मुलींचे काका सुटकेचा श्वास सोडून पुढच्या सीटवर बसले. मुलींनी असा गलका केला की पहारेकऱ्यानं दटावलं. पंडित गावात शिरला तो चक्क गुणगुणत.

पाराशी लोटू होताच. पट्ट्याची हकिकत ऐकून तो हसला. "म्हणजे चांगला पट्टा काढून फेकला! एवढी गावाला धावपळ करायला लावली, काय मिळालं?"

पंडित उत्तर द्यायला वळला. तेवढ्यात मागून सुपडू पुढं आला.

"काय मिळालं ते मी सांगतो! काल मी स्टँडवर पोरींना घेऊन उभा होतो. भर वस्तीत, दिव्याखाली. तरी जीव टांगणीला लागला होता. गाडी बागांमध्ये पडली असती तर ह्या पोरींनी काय केलं असतं? आणि मी काय केलं असतं, माहीत आहे? शोभाला घरी बसवली असती! गाडी बिघडली असती, आणि शिक्षा माझ्या पोरीला! हा कुठला न्याय रे, लोटू?"

"पंडित," सुपडू वळला, "मी तुला बोललो होतो ते मागे घेतो. तुझी गाडी उद्या बंद पडली तरी शोभाची शाळा बंद पडणार नाही. सायकलवर घालून नेईन मी तिला. आणि इतरांच्याही पोरी एकट्या राहणार नाहीत, आपण सगळे आहोत."

मालूबाई पलीकडं उभी होती. तिनं डोळे पुसले. "तेव्हा असं बोलणारं कुणी असतं..." एवढंच ती पुटपुटली. रंभाबाईनं तिचा हात धरला आणि दोघी घराकडे गेल्या.

परीक्षा पार पडली. एकीचाही पेपर बुडाला नाही. पुढच्या जूनमध्ये सुपडूनं धाकट्या मुलीचंही नाव स्वतः शाळेत जाऊन घातलं.

बंधू-भगिनींनो, न झालेल्या अपघाताचा कुणी सत्कार करत नाही. वेळीच बदललेल्या पट्ट्याला कुणी हार घालत नाही. म्हणूनच सावध राहणारा माणूस आपल्याला भित्रा वाटतो. पण दुसऱ्यांची लेकरं आपल्या भरवशावर घराबाहेर पडत असतील, तर जे आपल्याला ठाऊक आहे ते त्यांना सांगणं आणि वेळेत दुरुस्त करणं हे आपलं कर्तव्य आहे. आणि इतकं करूनही कधी काही बिघडलंच, तर गाडी दुरुस्त करा, रस्ता दुरुस्त करा, आपली कुजबुजणारी जीभ दुरुस्त करा. मुलीला घरी बसवू नका!