हिरवी पाटी आणि माझ्या पोटातला गॅस

मी एक चिलर बोलतोय. चिलर म्हणजे पाच मजली हापिसाला थंड हवा पुरवणारं गच्चीवरचं मोठं यंत्र. मुक्काम कलकत्ता, सॉल्ट लेक, सेक्टर फाइव्ह. मराठी कसा काय बोलतो म्हणाल, तर जन्म पुण्याजवळच्या कारखान्यातला. शिक्षण काही नाही. अंगावर एक पत्रा ठोकलाय, त्यावर काय लिहिलंय तेसुद्धा दुसऱ्यांनी वाचलं तेव्हा मला कळलं.

तेवीस वर्षं इथे आहे. माणसं फार बघितली. मे महिन्यात घामानं निथळत येतात, अठरावर लावा म्हणतात, आणि तासाभरात खुर्चीवरची शाल पांघरतात. काही बाबू तर सर्दी होईल म्हणून माझ्या हवेच्या झरोक्याला पुठ्ठा चिकटवतात, आणि त्याच पुठ्ठ्याखाली बसून उकडतंय अशी तक्रार लिहितात. मी काही बोललो नाही. नोकरी होती.

गेल्या वर्षी कंपनीला हिरवी इमारत व्हायची हुक्की आली. हिरवी म्हणजे रंगानं नव्हे. निसर्गाला जपणारी इमारत असा दाखला मिळतो आणि दारावर लावायला पाटी. तिच्यासाठी जिन्यात कुंड्या आल्या, नळांची धार बारीक झाली. मग कुणीतरी वर येऊन माझा पत्रा वाचला. माझ्या पोटात जुन्या जातीचा गॅस. तो बाहेर पडला की वर ओझोनची जी चादर आहे, उन्हाचा जाच अडवणारी, ती विरते म्हणे. मला काय ठाऊक? मी जन्मभर खालच्या लोकांच्याच सोयी बघत आलो.

ठरलं असं, की गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा, मला भंगारात द्यायचं, नवा आणायचा. देखरेख वृंदाताईंची. इमारतीची सगळी व्यवस्था त्याच बघतात. मूळच्या सांगलीच्या, मुलगी पुण्यात एकटी राहून शिकते. त्यांचे साहेब केयूर, तेही मराठीच, वयानं लहान. पाटी लागली की तुमची पुण्याची बदली, असा शब्द साहेबांनी दिला होता. अठरा सप्टेंबरला तपासनीस येणार होते. गॅस काढून घेतला, हवेत सोडला नाही, असं लिहून खाली वृंदाताईंनी सही करायची. म्हणून कामाला दिवस धरला सतरा.

इथेच आपली माणसं फसली. आपल्याकडे यंत्राला हार पडतो दसऱ्याला. बंगालात विश्वकर्मा पूजेला, आणि ती नेमकी सतरा सप्टेंबरला. त्या दिवशी इथला कारागीर यंत्राला हात लावतो तो फक्त शेंदूर लावायला.

सकाळी माझा मेकॅनिक हाराधनदा आला. अंगात नवा शर्ट, हातात झेंडूचा हार, मिठाईचा खोका. पाना एकही नाही. त्यानं माझ्या पंख्याच्या जाळीला हार घातला, कपाळ समजून एका बोल्टला शेंदूर फासला. इथे या पूजेला पतंग उडवतात, आभाळ भरलं होतं त्यांनी. वृंदाताईंनी विचारलं, गॅस कधी काढणार?

"आज हाथ नहीं लगाएगा, दीदी. आज इसका पूजा है."

केयूरसाहेब धावत वर आले. चार मेकॅनिकांना फोन लावले. चौघेही पूजेत. शेवटी म्हणाले, मग व्हॉल्व्ह उघडून सोडून द्या, आभाळात काय जागा कमी आहे? हाराधनदानं शांतपणे सांगितलं, सोडायलाही पाना लागतो, आणि पाने खाली देवापुढे आहेत.

साहेब खाली जाऊन देवापुढचा पाना घेऊन आले. फुलाची पाकळी चिकटलेली होती त्याला. पण व्हॉल्व्ह कुठला ते त्यांना माहीत नव्हतं. माझ्याभोवती दोन प्रदक्षिणा झाल्या. मग त्यांनी पाण्याची नळी पिळली आणि विजार भिजवून घेतली. मी जागा दाखवली नाही.

"वृंदाताई, तुम्हाला माहितीये. नुसतं बोट दाखवा."

माहीत होतं त्यांना. पुणं एका बोटावर आलं होतं.

"दाखवते. पण उद्या त्या कागदावर सही तुम्ही करायची."

दुसऱ्याची सही साहेबांना सोपी वाटत होती. स्वतःची म्हटल्यावर त्यांनी पाना हळूच खाली ठेवला आणि ओली विजार झटकत निघून गेले. वृंदाताईंनी तिथूनच तपासनिसांना फोन केला, यंत्र अजून भरलेलं आहे म्हणून सांगितलं. त्यांना पुढची तारीख महिन्यानंतरची मिळाली. बदल्यांची यादी त्याआधीच लागणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी हाराधनदानं दिवसभर बसून माझं पोट रिकामं केलं. सिलिंडर वजनकाट्यावर चढवला. गॅस भरला एकतीस किलो. पत्र्यावर लिहिलेले चाळीस.

"बाकीचे नऊ?" वृंदाताईंनी विचारलं.

हाराधनदानं वर आभाळाकडे बघितलं. काही माझ्या कुरकुरत्या सांध्यांतून गेले, काही दुरुस्तीच्या वेळी त्यानंच विडी ओढत सोडले. कालपासून मी स्वतःला मोठा सज्जन समजत होतो.

साहेब फोनवरून म्हणाले, चाळीसच लिहा, आता काढलाय ना सगळा. वृंदाताईंनी एकतीस लिहिले. खाली लिहिलं, नऊ किलो इतक्या वर्षांत हवेत गेले. मग सही केली.

पाटी आली, महिन्याभरानं. दारावर झोकात बसली आहे. फोटोत साहेब मधोमध. पुण्याची जागा तोवर दुसऱ्याला गेली. आता पुढच्या वर्षी बघू म्हणतात.

नवा चिलर चालू झालाय. उद्या सकाळी माझा ट्रक येणार. मला सुटं करतील, तांबं वेगळं, पत्रा वेगळा. त्याचं दुःख नाही, पोट रिकामं झाल्यापासून हलकं वाटतं. एवढंच मागणं आहे. तुमच्यापैकी कुणाची त्या हापिसात ओळख असेल, तर वृंदाताईंच्या बदलीचं जरा बघा. पोरगी वाट बघत असेल.