आऱ्याची खालची मूठ

मित्रांनो, नागपूरच्या लकडगंजात एका लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीत, भिंतीच्या खिळ्याला गंज खात लटकलेला जुना आरा आहे मी. आज माझ्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. पण विजेची यंत्रं इथे आली नव्हती, तेव्हा माझ्याशिवाय सागाच्या ओंडक्याची फळी होत नसे.

लोहाराने मला पुरुषभर लांब घडवलं, दात काढले आणि दोन्ही टोकांना मुठी बसवल्या. दोन मुठी म्हणजे दोन माणसं. ओंडका घोडीवर, म्हणजे उंच लाकडी चौकटीवर, चढवत. एक जण त्यावर उभा राहून मला वर ओढी, दुसरा खालून खाली ओढी. लोक ‘ओढाताण’ हा शब्द दुखणं सांगावं तसा उच्चारतात. घरात कमी-जास्त झालं की म्हणतात, फार ओढाताण चालली आहे. मला मात्र हा शब्द कधी वाईट वाटला नाही. दोघं उलट दिशांना ओढत, म्हणून तर मी चाले. अट एवढीच, की एकाने ओढलं की दुसऱ्याने हात सैल सोडायचा. रेटायचं नाही. रेटलं की माझं पातं वाकलंच.

माझ्या वरच्या मुठीला नत्थूजी असत आणि खालच्या मुठीला देवाजी. दोघांचे बापही याच जागांवर राबले होते. नत्थूजी ओंडक्यावर मारलेल्या गेरूच्या रेघेवर नजर ठेवत आणि गिऱ्हाईक त्यांचीच पाठ थोपटे. भुसा सगळा देवाजींच्या अंगावर पडे. देवाजींच्या घराने छप्पन साली बौद्ध धर्म स्वीकारला होता. पुष्कळ जुन्या गोष्टी त्यांनी तेव्हाच सोडल्या, खालची मूठ तेवढी राहून गेली होती.

एका सकाळी देवाजी घोडीखाली गेलेच नाहीत. म्हणाले, "आज मी वरतं उभा राहीन."

"काहून? वरची जागा आमच्या बापापासून आमची हाय," नत्थूजी म्हणाले.

"अन् खालची आमच्या बापापासून. तेच तं पुरे झालं म्हणून राहिलो."

टालीचे मालक भैयाजी मध्ये पडले नाहीत. "तुमच्या ओढाताणीत माहा माल अडकून राहिला," एवढं बोलून ते गादीवर जाऊन बसले. देवाजी निंबाखाली बसले. नत्थूजींनी एका हमालाला खाली उभं केलं. तो बिचारा ताकदीचा, पण सवय नाही, रेटूच लागला. मी वाकलो आणि अर्ध्या ओंडक्यात फसलो. हमाल हात झटकून निघून गेला. मला स्वतः मोडण्याची भीती वाटली, पण त्याहून जास्त ती जोडी मोडण्याची वाटली.

शेवटी नत्थूजी स्वतः खाली उतरले. त्यांनी खालून पाचर ठोकली, पण वरून ओढायलाही कोणीतरी हवंच होतं. त्यांनी खालची मूठ धरली. मग म्हणाले, "देवाजी, वरतून ओढ गा."

देवाजी वर चढले. त्यांनी ओढलं, नत्थूजींनी हात सैल सोडला. मग नत्थूजींनी ओढलं. मी मोकळा झालो आणि ओंजळभर भुसा नत्थूजींच्या तोंडावर पडला. दुपट्ट्याने डोळे पुसत ते म्हणाले, "एवढा भुसा जाते डोयात? कधी बोलला काहून नाही गा?"

"रोजच बोलत होतो," देवाजी म्हणाले. "तू वरतं होता. तुले आयकू येत नव्हतं."

त्या दिवसापासून दुपारची भाकर झाली की दोघं जागा बदलत. फळी पूर्वीसारखीच सरळ निघे.

पुढे यंत्र आलं आणि मी खिळ्यावर गेलो. मागे एकदा दोघं म्हातारे मला पाहायला आले होते. नत्थूजींनी माझी मूठ चाचपली. "आज खाली कोनाची पाळी गा?"

"तुहीच पाळी," देवाजी म्हणाले, आणि दोघं हसले.

मित्रांनो, जमलं तर मला थोडं तेल लावा. आणि कधी वरच्या मुठीला उभे राहिलात, तर मधूनमधून खाली विचारत जा, डोळ्यांत भुसा तर जात नाही ना.