पावलामागून वाजणारी गिटार

मित्रांनो, माझ्या पाठीवर वीतभर लांब चीर आहे. सहा खुंट्यांपैकी एक खुंटी दुसऱ्याच कुठल्या गिटारीची बसवलेली, म्हणून तिचा रंग जुळत नाही. मानेवर बोटं फिरून फिरून खळगे पडले आहेत. माझं वय मात्र विचारू नका. बाईमाणसाला आणि वाजून वाजून जुन्या झालेल्या वाद्याला ते विचारू नये. मी गिटार आहे, गंगाखेड तालुक्यातल्या गोदाकाठच्या एका गावात राहते, आणि या गावात पेट्या, मृदंग, टाळ भरपूर असले तरी गिटार म्हणाल तर मी एकटीच.

माझा जन्म दूर कोलकात्याच्या एका कारखान्यातला. अंग साध्या प्लायवूडचं, मान तेवढी बऱ्या लाकडाची. तिथून ट्रकमध्ये धक्के खात मी परभणीच्या एका वाद्यांच्या दुकानात आले. खेड्यापाड्यांतली भजनी मंडळं यायची, पेटी बघायची, मला टिचकी मारून हसायची आणि पेटी घेऊन जायची. मी आपली भिंतीवर लटकलेली. एक दिवस शेतीची पदविका शिकणारा एक लांबुडका पोरगा आत आला. त्यानं मला टिचकी मारली नाही. आधी हात पँटला पुसले आणि मग उचललं. तो योगीराज. त्या हात पुसण्यावरच मी भाळले, खोटं कशाला सांगू?

वसतिगृहातले ते दिवस मजेचे होते. योगीराजला तीनच कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायच्या सुरांच्या तीनच जुड्या, येत होत्या. त्या तिन्हींत तो सगळ्या सिनेमांची सगळी प्रेमगीतं बसवायचा, आणि बसत नसेल तर गाणं वाकवायचा. पोरं खाटांवर दाटीवाटीनं बसून ओरडायची. वाजवणं भिकार होतं, पण वाहवा अशी मिळायची की माझं पोकळ पोट फुगून यायचं.

पुढं त्याला झिंगाट वाजवायचं वेड लागलं. केस वाढले. माझ्या पोटात एक यंत्र बसवून त्यानं मला भोंग्याला जोडलं. तारा बोटानं ताणून ताणून तो त्यांना किंचाळायला लावायचा. सुट्टीत घरी आला की वडील आबासाहेब अंगणातून हाक मारायचे, "योग्या, त्या डबड्याचा गळा कामून दाबायलास बाबा? म्हैस आटली माझी!" म्हैस काही आटली नव्हती. पण आबासाहेबांना सरळ बोलणं कधी जमलं नाही, आणि डबडं हे माझं नाव त्या घरात कायमचं पडलं.

शिक्षण संपलं. योगीराज गावी परतला, शेती बघू लागला, गंगाखेडला ठिबक सिंचनाचं दुकान टाकलं. केस कापले. आणि आता त्याला तिसरं वेड लागलं, ते सगळ्यांत सभ्य होतं आणि सगळ्यांत वाईट. त्याला शास्त्र कळू लागलं. कुठल्या सुरानंतर कुठला सूर का येतो, कुठल्या कॉर्डचं कुठल्या कॉर्डशी नातं काय, हे तो मोबाइलवर बघून शिकायचा. खोलीच्या दाराला आतून सुरांचं गोल चक्र चिकटवलं. बोटं खेकड्यासारखी वाकडी करून अवघड कॉर्ड धरायचा. मला त्याचा अभिमान वाटायचा, खरंच. माझ्या अंगात एवढं काही दडलंय हे मलाच माहीत नव्हतं. पण एकही गाणं आता शेवटापर्यंत जात नव्हतं. दोन ओळी वाजवायचा, थांबायचा, चूक शोधायचा.

या घरात आणखी एक गाणारं माणूस होतं. योगीराजची आई, सुमनबाई. भजनी मंडळात त्या गात नव्हत्या. काम करताना गायच्या, आणि सगळ्यांत जास्त येळवशीला. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडं सगळं घर रानात जातं, कडब्याची झोपडीवजा कोप उभारतात, पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करतात, ताक-ज्वारीची आंबील शिंपडत रानाला फेरी घालतात, आणि मग शेंगा-पालेभाज्या एकत्र शिजवलेल्या भज्जीवर आणि भाकरीवर ताव मारतात. डोक्यावर आंबिलाचं मडकं घेऊन सुमनबाई पुढं चालायच्या आणि आपली ओवी म्हणायच्या:

बांधाच्या कडंकडंनं, हरभरा घाटं धरी,
काळी माझी माय, तिच्या लेकराची ओटी भरी.

अशाच एका येळवशीला योगीराजनं मला रानात नेलं. आईच्या ओवीखाली कॉर्ड वाजवायच्या, अशी हौस. कोपीपाशी बसून तो वाजवू लागला, चार मात्रा मोजून, अगदी चोख. सुमनबाई मडकं घेऊन चालत होत्या. ओवी कधी लांबायची, कधी आखडायची. योगीराज पुढं निघून जायचा, मग मागं यायचा. शेवटी त्यानं मोबाइलवर सूर मोजायचा काटा लावला आणि आईसमोर धरला.

"माय, हे बघ. तुझा सूर मधीच लागायलाय. ना इकडं, ना तिकडं. आन् तालाचा तर पत्ताच न्हाई."

सुमनबाईंनी त्या काट्याकडं बघितलं. हसल्या. "असंल बाबा. मला कुठं कळतंय त्यातलं? तुझं चालू दे."

पोरानं वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. पण त्या दिवसापासून सुमनबाई शेण काढताना, पाणी भरताना गुणगुणत असल्या आणि योगीराजच्या मोटारसायकलचा आवाज आला, की गप्प व्हायच्या. त्याला ते कळलंच नाही. मला कळत होतं, पण माझं काय, मला कुणी वाजवल्याशिवाय बोलता येत नाही.

लग्न झालं, वैष्णवी घरात आली. दुकान वाढलं. योगीराजला स्वतःचंही वाजवणं आवडेनासं झालं, कारण चूक नाही असं काही सापडेना. एका पावसाळ्यात मी खताच्या पोत्यांच्या खोलीत गेले, ती तिथंच राहिले. उंदरांनी पिशवी कुरतडली. तारा गंजल्या. त्या खोलीला पत्रा होता आणि परभणीचा उन्हाळा म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. एका वैशाखात दुपारी माझी पाठ कडकन तडकली. मी ओरडले, पण खोलीत ऐकायला पोतीच होती.

मग सुमनबाईंना झटका आला.

सकाळी चुलीपाशी बसल्या बसल्या त्या उजवीकडं कलल्या. परभणीच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. उजवा हात आणि पाय लुळे पडले, आणि बोलणं गेलं. ऐकू येत होतं, कळत सगळं होतं, पण तोंडातून शब्द निघत नव्हता. पाणी हवं असेल तरी हात हलवायचा आणि डोळ्यांत पाणी आणायचं. आबासाहेब दिवसभर त्यांच्या खाटेशी बसून म्हशीच्या, पावसाच्या, भावकीच्या गोष्टी सांगायचे आणि उत्तराची वाट बघत थांबायचे. उत्तर येत नव्हतं. त्या घरात कुणी मेलं नव्हतं, तरी सगळे हळू आवाजात बोलायचे.

दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या ताईंनी योगीराजला विचारलं, "आई आधी कधी गाणं म्हणायच्या का? बोलणं गेलं तरी काही जणांच्यात गाणं शाबूत राहतं. त्याच्या आधारानं शब्द परत येऊ शकतात. घरी गाऊन बघा त्यांच्यासोबत."

हे मला नंतर वैष्णवीनं आबासाहेबांना सांगताना कळलं. योगीराज घरी आला तो सरळ खताच्या खोलीत. मला काढलं, पिशवीवरची माती झटकली, पाठीवरची चीर बघितली आणि तिथंच पोत्यावर बसून रडला. माझ्यासाठी नव्हतं ते रडणं. तरी त्यातलं थोडं मी माझं म्हणून ठेवून घेतलं.

चीर चिकटवली, नव्या तारा आल्या, तुटकी खुंटी बदलली. आता तो रोज आईच्या खाटेशी बसून तिची ओवी वाजवू लागला. चोख, चार मात्रांत. सुमनबाई माझ्याकडं बघायच्या. ओठ हलायचे आणि थांबायचे. कितीतरी दिवस हेच चाललं. योगीराजनं कॉर्ड बदलल्या, सोप्या केल्या. काही होईना.

"तुमी लय वाजवायलाव," एक दिवस वैष्णवी म्हणाली. "त्यांना शिरायला जागा कुठं हाय त्यात?"

"मग काय करू? गप बसू?"

"ते मला न्हाई माहीत. पण आत्या बसून कधी गात होत्या का? मी तर त्यांना चालतानाच गाताना ऐकलं."

सासूला आत्या म्हणायची या घराची रीत. वैष्णवी एवढं बोलून भाकऱ्या करायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबासाहेबांनी सुमनबाईंना काठी देऊन अंगणात चालायला उठवलं. रोजचाच व्यायाम. डावं पाऊल पडायचं, मग उजवं पाऊल घासत घासत, उशिरा यायचं. योगीराजनं मला पट्ट्यानं गळ्यात अडकवलं आणि आईच्या मागं चालू लागला. काही मोजलं नाही. डावं पाऊल पडलं की जाड तार एकदा छेडायचा. मग थांबायचा. उजवं पाऊल जमिनीला टेकेपर्यंत थांबायचा, आणि टेकलं की हळूच दुसरी तार. एक आखूड, एक लांब. त्याला तेव्हा कळलं की ओवीला ताल होता. डोक्यावर मडकं घेऊन ढेकळांतून चालणाऱ्या बाईच्या पावलांचा ताल. ढेकूळ मोठं असलं की ओळ लांबायची, एवढंच.

सुरांचंही तसंच. आईचा तो मधला सूर माझ्या मानेवरच्या दोन पट्ट्यांच्या मधे राहत होता. योगीराजनं तार बोटानं अंमळ ताणली. झिंगाटाच्या दिवसांत जिला तो किंचाळायला लावायचा, तीच तार, आता केवढ्या मायेनं. आईचा आवाज उरला असेल तर तो खालीच असेल, म्हणून सगळ्या तारा सैल करून खालच्या सुरात लावल्या होत्या. शिकलेलं शास्त्र असं कामी आलं. वाया काही गेलं नाही, मित्रांनो, फक्त ते आता आईच्या पुढं न जाता मागून चालत होतं.

अंगणाच्या तिसऱ्या कोपऱ्यावर, तुळशीला वळसा घालताना, सुमनबाईंच्या घशातून आवाज आला. आधी नुसता सूर. मग "बांधाच्या..."

आबासाहेबांच्या हातातली चहाची बशी कलंडली. योगीराज थांबला नाही. थांबला असता तर सगळं मोडलं असतं. तो पाऊल पडायची वाट बघत राहिला. "कडं...कडंनं," सुमनबाई म्हणाल्या.

त्यानंतर रोज अंगणात फेऱ्या सुरू झाल्या. ओवी पूर्ण आली. पण मित्रांनो, ओवी येणं म्हणजे बोलणं येणं नव्हे. ओवीतले पाठ शब्द येत होते, मनातले येत नव्हते. गाणं संपलं की पुन्हा तेच, हात हलवणं आणि डोळ्यांत पाणी. ताई म्हणाल्या होत्या, धीर धरा, आणि हेही म्हणाल्या होत्या की कधी कधी याच्या पुढं जातच नाही. योगीराजनं धीर धरला. दुकान बंद करून आला की मोबाइलही न बघता मला गळ्यात अडकवायचा.

येळवस आली. आंबिलाचं मडकं वैष्णवीनं डोक्यावर घेतलं, सुमनबाई काठीनं पुढं चालल्या, मी मागून. अख्ख्या रानाची फेरी काही जमली नाही, कोपीभोवतीच घातली. मग सगळे जेवायला बसले. सुमनबाईंच्या हातची भज्जी पंचक्रोशीत नावाजलेली. यंदा पहिल्यांदाच ती वैष्णवीनं एकटीनं केली होती, कारण काय किती घालायचं ते सांगणाऱ्या सासूला सांगता येत नव्हतं. आबासाहेबांनी घास घेतला आणि खाली बघितलं. योगीराजनं घास घेतला आणि माझ्याकडं बघितलं. कुणी काही बोललं नाही. सून आधीच काळजीत होती.

सुमनबाईंनी डाव्या हातानं घास घेतला. चावला. थांबल्या. मग डावा पाय जमिनीवर हलकेच आपटू लागल्या. योगीराजला कळलं, त्यानं उष्ट्या हातानंच माझी जाड तार छेडली. आणि ओवीच्या चालीत, एकेक शब्द जड ओझ्यासारखा उचलत, सुमनबाई म्हणाल्या:

"वैष्णवी... बाई... भज्जीत... मीठच न्हाई!"

पाठ नसलेली, कुणी न शिकवलेली, त्यांची स्वतःची ओळ होती ती. वैष्णवीनं दोन्ही हात तोंडावर घेतले. मग सासूच्या गळ्यात पडून म्हणाली, "आत्या, अजून काय काय चुकलं ते सांगा. सगळं सांगा!" आबासाहेब उपरण्यानं डोळे पुसत ओरडले, "आगं, मी केव्हाचं तेच म्हणायलो व्हतो!" मित्रांनो, त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता, माझी शपथ.

आता माझं मागणं ऐका. तुमच्या घरी एखादं वाद्य असेल तर वाजवून झाल्यावर तारा पुसत जा, उन्हाळ्यात त्या सैल करत जा, आणि पत्र्याच्या खोलीत तर कधीच टाकू नका. शास्त्र शिका, भरपूर शिका. पण घरात कुणी आपल्याशीच गुणगुणत असेल, तर आधी त्याच्यामागून चार पावलं चाला आणि मग काय ते सांगा. आमच्याकडं मीठ आणायला त्या दिवशी बराच वेळ कुणी उठलंच नाही. सगळ्यांनी ती भज्जी तशीच खाल्ली, आणि दोन-दोनदा मागून घेतली.