धाकट्याला मध कोणी चाटवला?

झाकण सैल आहे तोवर बोलून घेते. मी मधाची बरणी. मुक्काम इंदिरानगर, नाशिक. ओट्याच्या वरचं कपाट, डावा कोपरा, तिळाच्या डब्याशेजारी. जाड काचेची, रुंद तोंडाची, पिवळ्या पत्र्याच्या झाकणाची. या घरातल्या प्रत्येकाने कधी ना कधी माझ्याकडे संशयाने पाहिलं आहे. त्यांच्यात राहून मीही तशीच झाले. कपाट उघडलं की मी आधी हात बघते, मग चेहरा.

काच कुठे ओतली गेली ते मला ठाऊक नाही. माझ्या आठवणी सुरू होतात सटाण्याला, मैनाबाईंच्या घरात. तिथे आधी माझ्यात मुरांबा होता. त्यांचे यजमान खंडेराव शेतात कांद्याचं बी धरतात. कांद्याला डेंगळे आले, पांढरी गोल फुलं उमलली, की त्यांवर माश्या बसायला हव्यात, नाहीतर बी भरत नाही. म्हणून खंडेरावांनी बांधावर मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या. बी तर आलंच, वर मधही आला. मैनाबाईंनी मला धुऊन, उन्हात वाळवून, गळ्यापर्यंत भरलं आणि माहेरी आलेल्या लेकीच्या, वेदिकाच्या, पिशवीत ठेवलं.

“कांदाना वास येस, पन मध चोख शे. सासूले सांगजो,” त्या म्हणाल्या.

वेदिका हो म्हणाली. सांगायचं मात्र राहून गेलं.

इंदिरानगरच्या घरात माझं झाकण पहिल्यांदा उघडलं ते सरोजिनीबाईंनी, म्हणजे वेदिकाच्या सासूबाईंनी. त्यांनी नाक जवळ आणलं आणि तितक्याच वेगाने मागे नेलं. मधाला कांद्याचा वास? त्या काही बोलल्या नाहीत. दुपारी घर शांत झाल्यावर त्यांनी मोबाइलवर कुठलीशी चित्रफीत पाहिली, काचेच्या पेल्यात पाणी घेतलं आणि माझ्यातला एक थेंब त्यात सोडला. थेंब सरळ तळाला गेला. मग काडेपेटीची काडी मधात बुडवून ओढली. ती पेटली. तरी त्यांचं समाधान झालं नाही. खोट सापडली नाही की माणसाला वाटतं, आपली परीक्षाच कच्ची होती.

संध्याकाळी वेदिकाला पेला विसळायला मिळाला. त्यातला चिकट थेंब तिने बोटाने चाचपला आणि तिला सगळं समजलं. तीही बोलली नाही. या घराची ही रीतच. भांडण होत नाही, आवाज चढत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याला मनातल्या मनात तपासत राहतो.

मला खरा जीव लावला तो ओवीने. ती वेदिकाची थोरली, बालवाडीत जाणारी. तिच्यासाठी वेदिका सुट्टीच्या सकाळी दशम्या करायची. कणीक दुधात भिजवायची, ओवीला ओट्याशेजारी स्टुलावर उभं करायची आणि एक गोळा तिच्या हाती द्यायची. ओवी लाटण्यापेक्षा थापायचीच जास्त. तिच्या दशमीला नकाशासारखे काठ असायचे. एकदा वेदिका गरम दशमीवरच मध ओतायला निघाली, तेव्हा सरोजिनीबाई दारातून म्हणाल्या, मध तापवायचा नसतो, बाधतो. वेदिकाने हात थांबवला. तेव्हापासून दशमी ताटलीत निववायची, मग ओवीने चमच्याने तिच्यावर मधाची रेघ ओढायची आणि सुरळी करायची, असं ठरलं. ओवीची रेघ दशमीवरून ताटलीत, ताटलीतून ओट्यावर आणि शेवटी तिच्या कोपरापर्यंत जायची. माझ्या अंगावर तिच्या बोटांचे ठसे असायचे. नाचणीची लापशी निवली की त्यात मी, केळ्याच्या शिकरणात मी. ते दिवस माझे खरे सुखाचे.

पण घरात धाकटाही होता. यशोधन. दात यायला लागलेले, हाती येईल ते तोंडात घालणारा. लसीकरणाला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी वेदिकाला बजावलं होतं, वर्षाचा होईपर्यंत याला मध अजिबात नाही, बोटावर घेऊनसुद्धा नाही. मधात कधी कधी असे जंतू असतात, जे मोठ्यांच्या पोटात मरून जातात, तान्ह्याच्या पोटात मात्र रुजतात आणि अंगातली ताकदच काढून घेतात. मध कितीही चोख असला तरी.

वेदिकाने हे जेवणाच्या टेबलावर सांगितलं. सरोजिनीबाई वाढता वाढता म्हणाल्या, “मयुरेशला त्याच्या आजीने पहिल्याच दिवशी मध चाटवला होता. काय झालं त्याला?”

मयुरेश, त्यांचा मुलगा, हसून म्हणाला, “बघा, जिवंत आहे.” वेदिका हसली नाही. कपाटाचं दार उघडं होतं, म्हणून मला तिचा चेहरा दिसला. त्या दिवशी तिच्या मनात सासूबाईंबद्दल जी शंका शिरली, ती पुढे माझ्याच डोक्यावर येऊन बसली.

रजा संपली आणि वेदिका सातपूरच्या कंपनीत पुन्हा कामावर जाऊ लागली. मयुरेशचं काम पुण्याच्या एका कंपनीचं, पण घरी बसून, संगणकावर. दुपारी सरोजिनीबाई स्तोत्रपठणाच्या वर्गाला जायच्या. तेवढा वेळ यशोधन बापाकडे.

अशाच एका दुपारी कपाट उघडलं. मी सवयीने हात पाहिला. सरोजिनीबाईंचा हात आधी बांगड्यांनी कळतो, वेदिकाचा घाईने, ओवीचा तर पोहोचतच नाही. या हाताच्या मनगटावर घड्याळ होतं आणि कानाला लावलेल्या यंत्रात तो माणूस कुणाला तरी इंग्रजीत थांबायला सांगत होता. आतल्या खोलीत यशोधन आकांताने रडत होता. मयुरेशने झाकण फिरवलं, बाळाची रबरी चोखणी माझ्यात बुडवली आणि आत पळाला. रडणं थांबलं.

मग ते पुन्हा झालं. आणि पुन्हा.

माझ्यातला मध उतरू लागला तसं वेदिकाचं लक्ष गेलं. तिने कुणाला विचारलं नाही. भाजीच्या जुडीला येणारा रबर तिने माझ्या अंगावर चढवला, मध जिथवर होता अगदी तिथवर. मला तो बेडीसारखा वाटला. दुसऱ्या दिवशी सरोजिनीबाईंनी तीळ काढायला हात घातला, रबर पाहिला आणि हात तसाच राहिला. त्या शिकलेल्या, हुशार बाई. रबर कुणासाठी आहे हे त्यांना सांगावं लागलं नाही. पुढच्या रविवारी त्यांनी दशम्या गुळाच्या केल्या. ओवीने मध का नाही म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, ते तुझ्या आईला विचार.

मध रबराच्या खाली गेला. सासूबाईच देतात, अशी वेदिकाची खात्री पटली.

आणि त्याच आठवड्यात सरोजिनीबाईंना सत्य कळलं. यशोधनची चोखणी धुताना ती त्यांच्या बोटांना चिकटली. त्यांनी जिभेला लावून पाहिली आणि त्यांची नजर मयुरेशच्या खोलीकडे वळली. मयुरेश पाणी प्यायला आला तेव्हा हलक्या आवाजात म्हणाल्या, डॉक्टरांनी नको सांगितलंय ना? तो म्हणाला, आई, जरासा लावतो, मीटिंग चालू असते, तो थांबतच नाही. तूच म्हणालीस ना, मला पहिल्या दिवशी दिला होता.

आपलेच शब्द आपल्यासमोर येऊन उभे राहिले की माणूस कुठल्या तोंडाने बोलणार? वेदिकाला सांगावं, तर मुलाची चहाडी. न सांगावं, तर नातवाचा जीव. त्या सांगू-सांगू करत राहिल्या. मी आतून कितीदा म्हटलं, आता बोला. बरणीचं कोण ऐकतं.

एका सकाळी यशोधन नेहमीसारखा उठला नाही. गेले दोन-तीन दिवस त्याला शी झाली नव्हती. दूध ओढायला त्याने तोंड लावलं आणि सोडून दिलं. रडला, पण तो आवाज मांजरीच्या पिलाचा असावा तसा बारीक. वेदिका त्याला घेऊन स्वयंपाकघरात आली. समोर सरोजिनीबाई.

“आई, खरं सांगा. तुम्ही याला मध दिलात?”

“नाही.”

वेदिकाने पुढे काही विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्या एका शब्दाचा तिने काय अर्थ लावला. तिने मला कपाटातून उचललं आणि बाळाच्या लंगोटांच्या पिशवीत कोंबलं. दवाखान्यात दाखवायला लागेल म्हणून. किंवा पुरावा म्हणून. ओवीला शेजारच्या ललिताकाकूंकडे सोडलं आणि सगळे निघाले.

पिशवीची चेन अर्धी उघडी होती. डॉक्टरीणबाईंनी यशोधनच्या पापण्या पाहिल्या, त्याला हातांना धरून बसतं करून मान सावरतो का ते पाहिलं, पोट दाबलं. मग सरळ विचारलं, याच्या पोटात मध गेलाय का? नक्की सांगा, तपासणी कुठली करायची ते त्यावर ठरेल.

वेदिका म्हणाली, “मी दिलेला नाही. बाकीचं मला माहीत नाही.” आणि तिने सासूबाईंकडे पाहिलं.

मयुरेश खाली बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते. बोल, म्हटलं.

“गेलाय,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “बरेचदा गेलाय. मी दिला असंच धरा आणि पुढचं लवकर करा.”

वेदिकाचे डोळे भरून आले. तिला जे वाटत होतं ते खरं ठरलं होतं आणि त्याचा तिला जराही आनंद नव्हता. सरोजिनीबाई तिची नजर झेलत ताठ बसून राहिल्या. तेव्हा मयुरेशने मान वर केली.

“आईने नाही दिला. मी दिला. चोखणीला लावून, रोज दुपारी. ती मला नको म्हणाली होती.”

डॉक्टरीणबाईंना यात कुणाचा न्याय करायचा नव्हता. त्यांनी किती दिवस आणि शेवटचा कधी, एवढं विचारून घेतलं आणि यशोधनला मुलांच्या इस्पितळात दाखल करायला सांगितलं. वेदिका उठली. नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही. दारापाशी ती अडखळली, बाळाला सावरलं आणि पिशवी सरोजिनीबाईंच्या हाती दिली. मला घेऊन त्या तिच्या मागोमाग चालू लागल्या.

इस्पितळात मी खाटेखाली, पिशवीतच होते. तिथे मी बऱ्याच गोष्टी ऐकल्या. यशोधनला सलाइन लागलं. तपासण्या झाल्या. तो हळूहळू दूध ओढू लागला, मग हाताने नळी ओढू लागला, मग खणखणीत रडला. ते रडणं ऐकून सरोजिनीबाईंनी पदराने डोळे पुसले. डॉक्टरांनी सांगितलं, पोटात दुसराच संसर्ग होता, ज्याची भीती होती तो आजार नव्हे. पण या खेपेला नव्हता म्हणजे होत नाही असं समजू नका.

आणखी एक बोलणं ऐकलं. मयुरेश औषधं आणायला गेला होता. वेदिका म्हणाली, “मला तुमचाच संशय होता, आई. सुरुवातीपासून.”

“मलाही तुझ्या मधाचा होता,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “पेला तसाच ठेवायला नको होता मी.” मग म्हणाल्या, “तो शब्द माझाच होता गं. त्या टेबलावरचा. त्याने फक्त उचलला.”

वेदिकाने त्यांना डब्यातली अर्धी पोळी तोडून दिली. दोघी खाटेच्या कडेला बसून जेवल्या.

घरी आल्यावर मला वाटलं होतं, आता आपण कचऱ्यात. पण वेदिकाने मला पुसून पुन्हा कपाटात ठेवलं. ओवी आल्या आल्या दशमी मागू लागली होती ना.

मयुरेशशी मात्र ती जेवढ्यास तेवढं बोलायची. तिने सरोजिनीबाईंना दुपारच्या वर्गाला जाऊ नका म्हणून सांगितलं आणि त्याही गेल्या नाहीत. बाप मुलाला उचलायला गेला की दोन बायकांचे डोळे त्याच्या हातांवर जायचे. त्याला ते कळायचं. तो हात उघडे करून दाखवल्यासारखे पुढे करायचा. संशयाने फक्त घरातलं माणूस बदललं होतं.

परवा सरोजिनीबाईंना मैत्रिणींबरोबर वणीला जायचं होतं, देवीच्या दर्शनाला. त्या जाऊ की नको करत होत्या. वेदिकाच म्हणाली, जाऊन या. मग ऑफिसला निघताना ती स्वयंपाकघरात आली. कपाट उघडून तिने मला हातात घेतलं. मी म्हटलं, आता ही मला पर्समध्ये टाकणार, किंवा कुलपात. ती तशीच उभी राहिली. मग बाहेर गेली आणि मला मयुरेशच्या टेबलावर, त्याच्या संगणकाशेजारी ठेवलं. चपला घातल्या आणि गेली.

तो दिवस आम्ही दोघांनी समोरासमोर काढला. दुपारी यशोधन रडू लागला. दात शिवशिवत असणार. मयुरेशची मीटिंग चालू होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मीही त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने कानातलं यंत्र काढलं, समोरच्यांना सांगितलं, माझं बाळ रडतंय, मी नंतर बोलतो, आणि संगणक मिटला. फ्रीजमधला गार ओला रुमाल बाळाच्या हिरड्यांना लावत तो बाल्कनीत फेऱ्या मारत राहिला. यशोधन लगेच गप्प झाला नाही. चांगला बराच वेळ रडला. बाप चालत राहिला.

माझ्यात आता थोडाच मध उरलाय. तो संपला की मला धुतील, माझ्यात मेथ्या भरतील किंवा खडीसाखर, मला चालेल. तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी बरणी असेल. तिच्यात काय कमी झालं हे बघण्याआधी एकमेकांना विचारा, एवढंच माझं मागणं.

त्या संध्याकाळी वेदिका आली. मी टेबलावर तशीच होते, उजेडात, कुणालाही दिसेल अशी. तिने बाळाला घेतलं, त्याचा वास घेतला आणि मयुरेशला विचारलं, “तू जेवलास का?”

माझ्याकडे तिने पाहिलंच नाही.