सोप्पं आहे गं

त्या घरात 'सोपं' या शब्दाचा एकच अर्थ होता: हे काम धाकटीने करायचं.

पडदे काढून धुणं सोपं होतं. सासऱ्यांना दवाखान्यात नेऊन रांगेत बसणं सोपं होतं. माळ्यावरच्या बॅगा उतरवणं तर इतकं सोपं, की ते करून आठ दिवस धाकटीची कंबर धरली होती. थोरल्या जाऊबाई एखाद्या कामाला नुसतं 'सोपं' नाही, 'सोप्पं' म्हणाल्या, की धाकटीने ओळखावं, गेली आपली सुट्टी.

गुरुवारी दुपारी फोन आला तेव्हा धाकटी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काच घासत होती. तिचं कामच ते. अर्ध्या मिलिमीटरने चुकलं तर गिऱ्हाईक जिना उतरताना पाय चुकवतं, म्हणून ती फोन सहसा घेत नसे. पण थोरलीचा फोन वाजायचा थांबत नसे.

"अगं, रविवारी दुपारी ह्यांच्या बढतीची पार्टी ठेवली आहे," थोरली म्हणाली. "साहेब येणार आहेत, बायकोला घेऊन. मी एक व्हिडिओ बघितला. कोळंबी आणि खेकड्याचे पफ. ओव्हनमध्ये भाजायचे, तळणं नाही, काही नाही. चार वस्तू, वीस मिनिटं. सोप्पं आहे गं."

"किती माणसं?"

"तीसच. साठ पफ झाले तरी पुष्कळ. आपण सकाळी करून टाकू."

'आपण' हा आपल्या भाषेतला मोठा चलाख शब्द. त्यात बोलणारा आहे असं ऐकणाऱ्याला वाटतं आणि काम सुरू झालं की बोलणारा अलगद निसटतो. धाकटीला हे अकरा वर्षं ठाऊक होतं. तरी ती 'हो' म्हणाली. का म्हणाली, तेही ऐका.

मागच्या वर्षी सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला तिने तीन मजली केक केला होता. दोन रात्री जागून. पाहुणे बोटं चाटत होते, आणि 'कुणी केला हो?' असं कुणी विचारलं की थोरली म्हणायची, "घरीच केला." घरीच. जणू रात्री भिंतींनी पीठ चाळलं आणि कपाटाने अंडी फेटली. धाकटी तिथेच, हातात बश्या घेऊन उभी होती. तिला बक्षीस नको होतं, साडी नको होती. तिला तीन शब्द हवे होते, चार माणसांसमोर: हे हिने केलं. अकरा वर्षांत ते तीन शब्द थोरलीच्या तोंडून निघाले नव्हते, आणि ते धाकटीच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकून बसले होते.

तिने नवऱ्याला साफ सांगितलं. "या खेपेला तुमच्या वहिनींनी लोकांसमोर म्हटलं पाहिजे, हे हिने केलं म्हणून. नाही म्हटलं, तर परत त्या ओट्याला मी हात लावणार नाही. सण असो, समारंभ असो, तुम्ही बघा नि तुमच्या वहिनी."

"म्हणेल गं," नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला. "मनाने चांगली आहे ती."

मनाने चांगल्या माणसांची हीच गंमत असते. ती मनातच चांगली असतात.

रविवारी सकाळी सातला धाकटी थोरलीच्या स्वयंपाकघरात हजर झाली. ओट्यावर दोन किलो कोळंबी तिची वाट बघत होती, डोक्यासकट, कवचासकट. व्हिडिओतल्या बाईकडे ती सोलूनच आलेली असावी. धाकटीने एकेक सोलली, पाठीला चीर देऊन काळा दोरा ओढून काढला, धुतली, लोण्यात मिनिटभर परतली. डब्यातलं खेकड्याचं मांस बोटांनी चाचपून त्यातल्या कवचाच्या कपच्या वेचल्या. साहेबांच्या घशात कपची गेली तर बढती परत घेतली जायची. मग पातीचा कांदा, मिरी, लिंबू, चीज, सगळं कालवून पातेलं थंड व्हायला ठेवलं. एवढं होईस्तोवर साडेनऊ वाजले होते. ती वीस मिनिटं कुठली, ते आता तिच्या ध्यानात आलं. ती फक्त ओव्हनची होती. बाकीचे अडीच तास व्हिडिओवाल्यांनी कापून टाकले होते.

थोरली दहाला आत डोकावली, दोन्ही हातांची बोटं पसरून. नेलपॉलिश ओलं होतं.

"झालं? बघ, मी म्हटलं नव्हतं?"

"वहिनी, हे एक बघून ठेवा," धाकटी म्हणाली. तिने फ्रीजमधून पेस्ट्रीची घडी काढली. "ह्याला हात कमीत कमी लावायचा. ह्यात लोण्याचे पदर असतात. गार आहे तोवर पदर आहेत. ऊब लागली की लोणी वितळतं, मग पफ फुगत नाही, वीट होते."

"हो का," थोरली नखांवर फुंकर घालत म्हणाली. तिचं सारं लक्ष करंगळीकडे होतं.

धाकटीने पट्टी लावून चौकोन कापले, प्रत्येकी सात सेंटिमीटर. मध्ये सारण, वर घडी, कडा काट्याने दाबून बंद, वरून अंड्याचा हात. साठ पफ ओव्हनमधून निघाले ते असे टरारून फुगलेले आणि सोनेरी, की तिचं तिलाच बरं वाटलं. पेस्ट्रीचं एक पाकीट आणि वाडगाभर सारण तिने फ्रीजमध्ये राखून ठेवलं. ऐनवेळी कमी पडले तर गरम गरम काढता यावेत म्हणून.

कमी पडलेच. तीस माणसांनी साठ पफ कसे संपवले याचा हिशेब लागत नाही. एका काकांनी तर दोन रुमालात गुंडाळून खिशात घातले. धाकटी ताट घेऊन दिवाणखान्यात फिरत होती आणि कान थोरलीकडे लावून होती. आणि मग ती वेळ आली. साहेबांच्या बायकोने तिसरा पफ संपवला, बोटं पुसली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "कुणी केले हो हे? फारच सुरेख झालेत."

धाकटी ताट घेऊन तिथेच थांबली. थोरलीने तिच्याकडे बघितलं. चक्क बघितलं. नवऱ्याने कोपऱ्यातून भुवया उडवल्या, बघ आता.

"अय्या, त्यात काय एवढं," थोरली म्हणाली. "घरीच केले. वीस मिनिटांचं काम. सोप्पं असतं हो."

धाकटीला इतका राग आला की कानाच्या पाळ्या तापल्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, नेलपॉलिश लावलेला. पण साहेबांची बायको उठून उभी राहिली होती.

"वीस मिनिटं? मग आत्ताच दाखवा ना मला. पुढच्या आठवड्यात माझ्याकडे माणसं यायची आहेत. चला, मी लिहून घेते." तिने फोन काढलासुद्धा.

थोरलीचा चेहरा खर्रकन उतरला. तिने धाकटीला डोळ्यांनी खुणावलं. आधी एका डोळ्याने, मग दोन्ही डोळ्यांनी.

"तुम्ही दाखवा, वहिनी," धाकटी म्हणाली. "पेस्ट्री, सारण, सगळं फ्रीजमध्ये आहे. मी पाण्याचं बघते."

आता हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय, ते ज्यांना बघायचं असेल त्यांनी त्या स्वयंपाकघराच्या दाराशी यायला हवं होतं. धाकटी आलीच. पाण्याचा जग भरायला आली आणि तो भरता भरेना.

थोरलीने पाकीट फोडलं, पेस्ट्रीची घडी बोटाने दाबून बघितली आणि नाक मुरडलं. "किती कडक झालंय," असं म्हणून तिने ती मायक्रोवेव्हमध्ये ठेवली. एक मिनिट. मग आणखी एक मिनिट. निघालं ते लिबलिबीत झालं होतं आणि कडेने लोणी गळत होतं. अशा वेळी जन्मभर ज्या हातांनी कणीक भिजवली ते हात काय करणार? थोरलीने बांगड्या मागे सारल्या, हाताला तेल लावलं, त्या पदरांचा गोळा केला आणि मळायला घेतला. खाली दाबून, उलटून, मुठीने रेटून.

"असं मळायचं असतं होय?" साहेबांच्या बायकोने विचारलं.

"चांगलं दहा मिनिटं," थोरली म्हणाली. "तिथे आळस केला की बिघडतं."

"तेल किती?"

"अंदाजाने."

बाईंनी लिहून घेतलं: दहा मिनिटं मळावे, तेल अंदाजाने. धाकटीच्या जिभेवर आलं होतं. एका वाक्यात सगळं थांबवता आलं असतं. चांगल्या जिनसा मातीमोल होताना बघणं तिच्या हातांना सोसवत नव्हतं. पण तिने जगमधलं घोटभर पाणी तोंडात घेतलं आणि ते गिळलंच नाही.

सारण भरून ओव्हनमध्ये घातल्यावर वीस मिनिटांनी ताट बाहेर आलं. फुगलं काहीच नव्हतं. तपकिरी, चपटे, वरून तेलकट, आणि ताटात ठेवताना त्यांचा टण्‌ टण्‌ आवाज आला. थोरली म्हणाली, "ओव्हन जुना झालाय." नाचता येईना, अंगण वाकडं. पण आता मागे फिरणार कुठे? साहेबांची बायको पुढे होऊन सगळ्यांना सांगत होती, गरम गरम आलेत, घ्या.

साहेबांनी पहिला उचलला. मान मिळायचाच त्यांना. त्यांनी तो दाताखाली धरला, थांबले, दुसऱ्या बाजूला धरून बघितला, मग तोंडातून काढून दोन्ही हातांनी मोडायचा प्रयत्न केला. साहेबांनी पफ हलकेच बशीत ठेवला आणि गालावर हात धरून थोरल्या दिरांकडे बघितलं. थोरल्या दिरांनी बायकोकडे बघितलं.

आणि थोरलीने, मान वळवून, बोट लांब करून, तीस माणसांना स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं:

"हे हिने केलं."

तीन शब्द. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. अकरा वर्षं धाकटीने ते मनात इतक्या वेळा ऐकले होते, की क्षणभर तिला वाटलं हेही मनातच आहे. मग तीस माणसं तिच्याकडे वळून बघायला लागली. साहेबांच्या बायकोने फोनकडे बघितलं, थोरलीच्या तेलकट हातांकडे बघितलं, आणि लिहिलेलं सगळं पुसून टाकलं. नवऱ्याने दिलेल्या बढतीच्या पार्टीत बायकोने खरं-खोटं काढायचं नसतं, हे तिला ठाऊक असावं.

नवरा मात्र कोपऱ्यातून लगबगीने आला. त्याचा चेहरा फुलला होता. त्याने शब्द तेवढे ऐकले होते, ताट बघितलंच नव्हतं.

"बघ," तो तिच्या कानाशी पुटपुटला, "म्हटलं नव्हतं मी? म्हणाली की नाही?"

धाकटीने पाण्याचा जग टेबलावर ठेवला. कमरेचा एप्रन सोडला, चार घड्या घातल्या आणि नवऱ्याच्या हातात दिला. मग ती थोरलीजवळ गेली. रडू येईल असं तिला वाटत होतं, पण आलं नाही. उलट खूप दिवसांनी काच बरोबर बसावी तसं लख्ख दिसत होतं.

"बघा वहिनी," ती म्हणाली, "म्हणायला किती सोप्पं होतं."

तिने ताटातला एक पफ उचलून पर्समध्ये टाकला, चपला घातल्या आणि जिना उतरली. तो पफ आजही चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत, तिच्या टेबलावर आहे. कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय.