चौथा रंग

लुबाकीने मोजे खिडकीशी नेले, उजेडात धरले, नाकाजवळ आणले, पुन्हा लांब धरले. निळेच असावेत. कपाटात डावीकडे निळे, उजवीकडे हिरवे, ही शिस्त त्याची स्वतःचीच. पण गेल्या आठवड्यात धुतलेले मोजे आपण कुठल्या कप्प्यात टाकले, हेच त्याला आठवेना.

"ताता सेलेस्त, झालं का?" अंगणातून आल्बर्टीनची हाक आली. लग्नापासून नाही, पण सेलेस्त झाल्यापासून ती नवऱ्याला लेकीच्या नावानेच, 'सेलेस्तचा बाप' अशी हाक मारायची. "नवरीलासुद्धा एवढा वेळ लागत नाही हो!"

"नवरीला कोण बघतंय? मला अख्खी बाकोंगो वस्ती बघते!"

ती हसली आणि उखळात कसाव्याचा पाला कुटायला लागली. तिला विचारलं असतं तर तिने एका नजरेत रंग सांगितला असता. पण मग सगळंच सांगावं लागलं असतं. डॉक्टर म्हणाला होता, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत यायची नाही. औषध घालत राहा, आहे तेवढी टिकेल. निळ्या-हिरव्याचा घोळही त्यातलाच. घरी येऊन लुबाकीने सांगितलं, डोळ्यांत धूळ गेली होती, थेंब दिलेत.

सोमवार ते शनिवार लुबाकी ब्राझाव्हिलच्या गल्ल्यांमधले फुटलेले नळ जोडायचा. गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या या माणसाकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. रविवारी मात्र तो सापेर असायचा. सापेर म्हणजे पोटाला चिमटा काढून अंगावर उंची सूट घालणारा, आणि तो नुसता घालणारा नव्हे, मिरवणारा माणूस. त्यांचा नियम कडक. अंगावर तीनच रंग. चौथा दिसला, की मग सूट खुद्द पॅरिसहून का आलेला असेना, माणूस बाद. या नियमात लुबाकीचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्या कपाटाला आल्बर्टीननेही कधी हात लावला नव्हता. तो लावू देत नसे. ते कपाट गेलं तर उरणार काय? नळवाला लुबाकी.

त्याने मोजे चढवले. निळा सूट, पांढरा शर्ट, तपकिरी बूट. हिशोब बरोबर होता.

ममा ओदीलच्या बारसमोर रिंगण धरून लोक उभेच होते. मधोमध छडी फिरवत मिलांदू. टपालखात्यातला हा कारकून तरुणपणापासूनचा लुबाकीचा प्रतिस्पर्धी. दोघांनी रिंगणात समोरासमोर यायचं, एकमेकांच्या कपड्यांची यथेच्छ खिल्ली उडवायची, आणि ज्याची बोलती बंद होईल तो हरला, असा रविवारचा रिवाज. मिलांदूच्या जिभेला हाड नव्हतं. मागे एकदा लुबाकीच्या टोपीला तो कोंबडीचं खुराडं म्हणाला होता, आणि पुढे वर्षभर पोरं लुबाकीला पाहून कुकुचकू करत होती.

"ताता लुबाकी, दाखवा चाल!" पोरं ओरडली.

लुबाकी चालला. एक पाऊल, थांबा, खांद्याला हलका झोका, पुन्हा पाऊल. मग रिवाजाप्रमाणे त्याने दोन बोटांनी पँट वर उचलली आणि आधी एक, मग दुसरा मोजा दाखवला.

टाळ्या पडल्या नाहीत. कुठेतरी एक पोरगं फिस्सकन हसलं.

मिलांदूने छडी जमिनीवर आपटली. "गप रे! आयुष्यात असा थाट बघितलायस का कधी?" मग तो लुबाकीकडे वळला. "लुबाकी, आज माझ्याकडे शब्द नाहीत. हरलो मी. झकास!"

रिंगण चकित झालं, मग टाळ्यांचा कडकडाट झाला. ममा ओदीलने बिअरची बाटली हातात दिली. लुबाकीला मात्र हे पटेना. मिलांदू आणि स्तुती? हा माणूस तर सख्ख्या आईच्या मयतीत पाद्र्याच्या बुटांना नावं ठेवून आलेला!

बाटली अर्धी ठेवून तो घरी आला.

"जिंकलात म्हणे?" आल्बर्टीनने विचारलं. बातमी त्याच्या आधीच पोचली होती.

तो ओट्यावर बसला. बूट काढले. पाय पुढे केले.

"बाई, हे मोजे कुठल्या रंगाचे आहेत?"

ती हसणार होती, पण त्याचा चेहरा पाहून थांबली.

"डावा निळा आहे," ती हळूच म्हणाली. "उजवा हिरवा."

"म्हणजे जोडसुद्धा नाही."

"कधीपासून होतंय हे?"

"त्याने दया दाखवली ग मला," लुबाकी म्हणाला. "मिलांदूने! चारचौघांत थुंकला असता तरी चाललं असतं." आणि तो लहान मुलासारखा रडला. आल्बर्टीन त्याच्याजवळ बसून राहिली. धुळीची गोष्ट खोटी होती हे तिला कळलं.

पुढच्या रविवारी लुबाकीने कपाट उघडलं आणि बाजूला सरकला.

"ये," तो म्हणाला. "मी रंग सांगतो, तू काढून दे. आणि तुझी अक्कल चालवू नकोस!"

"करड्या सुटावर तांबडा टाय?"

"तांबडाच. आणि मोजे?"

"तांबडे. दोन्ही तांबडे, ताता सेलेस्त. मी दोनदा बघितले."

त्या दिवशी रिंगणात कुजबुज होती. लुबाकी चालला, थांबला, पँट उचलली. मिलांदू जवळ आला. त्याने एक मोजा पाहिला, दुसरा पाहिला, मग वाकून पुन्हा पहिला पाहिला. लुबाकी कान देऊन उभा राहिला.

"काय रे लुबाकी," मिलांदू सावकाश म्हणाला, "हा टाय आहे की खाटकाच्या दुकानातून जीभ उचलून आणलीस? आणि ही पँट? आत अजून दोन माणसं राहतात का?"

रिंगण हास्यात बुडालं. पोरं एकमेकांच्या अंगावर कोसळली. लुबाकीचे डोळे भरून आले, समोरचं होतं नव्हतं तेवढंही धूसर झालं. त्याने मान ताठ केली, कोटाची बटणं सोडली, आणि टोमणा परतवायला आवाजाच्या दिशेने एक पाऊल पुढे टाकलं.